नेट गेलं नव्हतं, तू घालवलंस

‘सर, घरी नेट बंद होतं, म्हणून जर्नल राहिलं.’ हे सिव्हिलच्या पोराने सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तू संगणक शाखेत आहेस, दुसऱ्या वर्षाला. राहिलेला प्रयोग कोणता? घरचा संगणक राउटरला जोडणे. म्हणजे संगणक राउटरला जोडता येईना, म्हणून संगणक राउटरला कसा जोडतात हे लिहायचं राहिलं. धन्य आहे! शिवाय जर्नल हाताने लिहायचं असतं, त्याला नेट कशाला लागलं तुला? उतरवायला नेट लागतं. लिहायला डोकं लागतं. मागच्या बाकावरच्यांनी हसू नका, तुमच्या फायलीही याच टेबलावर येणार आहेत.

खाली बसू नकोस. मान वर कर. मघाशी तू काय काय केलंस ते मोठ्या अभिमानाने सांगितलंस. ‘सर, सगळं करून बघितलं.’ तेच आता मी तुला क्रमाने ऐकवतो.

रविवारी संध्याकाळी टेबलावरच्या संगणकावर नेट बंद पडलं. त्या वेळी तुझी आई स्वयंपाकघरात मोबाइलवर मालिका बघत होती, त्याच राउटरच्या वायफायवर. ताई आतल्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती, त्याच वायफायवर. दोघींचं सुरळीत चालू होतं. बंद होता तो एकटा तुझा संगणक. मग बिघाड कुठे असेल? बाहेरच्या फायबरमध्ये? ती तुटली असती तर तिघांचंही गेलं असतं. बिघाड असणार तो तुझ्या संगणकात, त्याला राउटरशी जोडणाऱ्या तारेत, नाहीतर फार तर राउटरच्या त्या एका पोर्टात. तिन्ही जागा तुझ्या हाताच्या अंतरावर होत्या. खुर्चीतून न उठता एवढं कळत होतं. त्यासाठी एकही आज्ञा टंकावी लागत नव्हती, फक्त आईला विचारायचं होतं, ‘तुझं चालू आहे का?’

तू विचारलं नाहीस. तू थेट व्हिडिओ लावलास.

व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं म्हणून तू नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडलीस. तिथे इथरनेटच्या चित्रावर लाल फुली होती. फुलीखाली दोन-तीन शब्द लिहिलेले होते. काय होते? आठवत नाही? मी सांगतो, कारण ते दरवेळी तेच असतात: ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’. तार निघाली आहे! यंत्र याहून स्पष्ट काय बोलणार? तुझ्या तारेच्या टोकाच्या आरजे-४५ ची प्लास्टिकची जिभली तुटलेली आहे, हे तूच मला सांगितलंस. ती जिभली पोर्टात ‘टक्’ करून अडकते म्हणून तार जागेवर राहते. ती नसली की टेबल जरा हलवलं, केर काढताना झाडू लागला, की टोक दोन मिलिमीटर मागे सरकतं आणि संपर्क सुटतो. पोर्टाशेजारचा दिवा विझलेला असणार. तो बघायला वाकावं लागतं. तुला वाकायचा कंटाळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि केलंस काय? ज्या चित्राखाली तार निघाल्याचं लिहिलं होतं, त्याच चित्रावर राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, आयपीव्ही४ उघडून तू आकडे भरत बसलास. व्हिडिओतल्या माणसाने जे भरले तेच. पत्ता १९२.१६८.०.५, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.०.१. तो माणूस कोण, त्याचा राउटर कोणता, तो कुठल्या गावात बसलाय, काही ठाऊक नाही. पण त्याच्या घरचे आकडे तुझ्या घरी चालणार, एवढी तुझी खात्री!

आता नीट ऐक, कारण हे मी गेल्या सत्रात शिकवलं होतं आणि तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. १९९६ च्या फेब्रुवारीत आरएफसी १९१८ आली. तिने पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून ते कोणत्याही घरात, कोणत्याही ऑफिसात पुन्हा पुन्हा वापरता येतात. त्यामुळे त्याच्या घरी १९२.१६८.०.१ हा राउटर असेल आणि तुझ्या घरी १९२.१६८.१.१ असेल. दोन्ही बरोबर. पण मास्क २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे जुळणारी यंत्रंच एका जाळ्यातली. तुझ्या संगणकाचे पहिले तीन आकडे १९२, १६८, ०. तुझ्या राउटरचे १९२, १६८, १. दोघे एका तारेवर असून एकमेकांना परके झाले. गेटवे म्हणजे गावची वेस. तुझ्या गावची वेस पूर्वेला, आणि तू दुसऱ्याच गावचा नकाशा हातात घेऊन पश्चिमेच्या भिंतीवर डोकं आपटत राहिलास. वर म्हणतोस, ‘गाव बंद आहे.’

बरं, हे आकडे हाताने भरायची गरज तरी होती का? संगणक जाळ्यात आला की स्वतःच हाक मारतो: पत्ता देणारं कोणी आहे का? राउटर म्हणतो, हा घे. संगणक म्हणतो, हाच मला दे. राउटर म्हणतो, दिला. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज. चार निरोप, पोर्ट ६७ आणि ६८. पत्त्याबरोबर मास्क, गेटवे आणि डीएनएसही तोच देतो, आणि ठरावीक मुदतीसाठी देतो. याला डीएचसीपी म्हणतात. राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेली आरएफसी २१३१ मार्च १९९७ ची आहे, तुझ्या जन्माच्या आधीची. हाताने पत्ते भरताना माणसं चुकतात, एकच पत्ता दोघांना देतात, म्हणून तर ही सोय झाली. तू ती बंद केलीस आणि चुकण्याचं काम स्वतःकडे घेतलंस.

हाताने पत्ता द्यावाच लागतो, अशी वेळ येते. प्रिंटरचा पत्ता रोज बदलून चालत नाही. पण तेव्हाही राउटरच्या पानावर जाऊन त्या यंत्राच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा असतो, म्हणजे सगळा हिशेब एका जागी राहतो. यंत्रावरच भरायचा झाला तर राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा घ्यायचा, नाहीतर उद्या तोच पत्ता राउटर ताईच्या लॅपटॉपला देईल आणि दोघांचं भांडण लागेल. हे माहीत नसताना त्या चौकटीत एक आकडाही भरायचा नाही.

पुढे. आकड्यांनी काम होईना, तेव्हा डीएनएस बदललास. ८.८.८.८. हा आकडा तुमच्या पिढीला पाढ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. गूगलने तो डिसेंबर २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. चांगली सेवा आहे. पण तिचं काम काय? संकेतस्थळाच्या नावावरून आकडा सांगणं. तुझी तार निघालेली, तिथून नाव विचारायला बाहेर पडणार कोण? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग फायरवॉल बंद केलीस. का? ‘व्हिडिओत सांगितलं होतं.’ ती अजून बंदच आहे ना? चालू केलीस का परत? नाही. तार निघालेली असताना संरक्षण काढून टाकण्याने काय साधणार होतं, याचा एका ओळीचा विचार तरी केलास का?

आणि मग तो पराक्रम. टाचणी घेतलीस आणि राउटरच्या मागच्या भोकात दहा सेकंद दाबून धरलीस. रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक तुला अजून कळत नाही? रीस्टार्ट म्हणजे बटण बंद, अर्धा मिनिट थांब, बटण चालू. त्यात काही पुसलं जात नाही. रीसेट म्हणजे कारखान्यातून आला तसा कोरा. राउटरमध्ये काय काय भरलेलं होतं? नेट देणाऱ्या कंपनीने दिलेलं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक, तुमच्या वायफायचं नाव, त्याचा पासवर्ड. टाचणीच्या टोकाने सगळं गेलं. त्या क्षणी आईचा मोबाइल बंद, ताईचा लॅपटॉप बंद. एका यंत्राचं दुखणं होतं, ते तू अख्ख्या घराला लावलंस. नेट गेलं नव्हतं रे. तू घालवलंस.

वडिलांना मंगळवारी, २० तारखेला, जीएसटीचं विवरणपत्र भरायचं होतं. ती तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागतं. ते दुकान मध्येच बंद करून कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसले. तुझ्या खिशात मोबाइल होता, त्यात डेटा होता. चार्जिंगच्या वायरने तो संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं असतं तर दोन मिनिटांत त्यांचं काम घरात झालं असतं. पण तुला प्रश्न सोडवायचा होता कुठे? तुला काहीतरी करत राहायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी नेटवाला आला. त्याने युजरनेम भरलं, वायफाय चालू करून दिलं, जाता जाता तुझ्या तारेचं टोक दाबून नीट बसवलं. मोबाइल चालू झाले. तुझा संगणक तरी बंदच. तो म्हणाला, ‘दादा, लाइन ओके आहे, तुमच्या पीसीत काहीतरी आहे.’ शंभर टक्के बरोबर बोलला तो. आणि तू त्याला काय म्हणालास? ‘तुम्हाला काही येत नाही.’ तू! ज्याने तार बघितली नाही, त्याने ज्याने तार बसवली त्याला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. संगणकात तू भरलेले परक्या घरचे आकडे तसेच होते, ते तू त्याला सांगितलेही नाहीस.

आता तो फोटो काढ. मघाशी मोठ्या दिमाखात दाखवलास ना? ‘सर, पिंग जातंय, शून्य टक्के लॉस.’ सगळ्यांनी बघा. चार ओळी आहेत, चारही ओळींत तेच: ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. खाली लिहिलंय, पाठवले ४, मिळाले ४, गहाळ ०. शून्य बघितलंस आणि खूश झालास. उत्तर कोणाकडून आलंय ते वाच. १९२.१६८.०.५ कोण? तू भरलेला तुझ्याच संगणकाचा पत्ता! तुझा संगणकच तुला सांगतोय की बाबा, वेशीपर्यंतच पोचता येत नाहीये. विंडोज ते ‘आलेलं उत्तर’ म्हणून मोजतं, म्हणून लॉस शून्य दिसतो. टक्केवारी वाचायची नसते, ओळ वाचायची असते. मार्कांच्या बाबतीतही हेच सांगतो मी तुम्हाला.

हे पिंग आलं कुठून, माहीत आहे? डिसेंबर १९८३. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाचा माणूस काम करत होता. जाळं विचित्र वागत होतं. त्याने दिसेल ते बदलायला घेतलं नाही. जाळ्यालाच प्रश्न विचारता यावा म्हणून एका संध्याकाळी बसून हा प्रोग्राम लिहिला. आज चाळीस वर्षांनंतरही जगभर बिघाड शोधताना पहिल्यांदा त्याचाच हात धरतात. त्याने लिहिलं, तुला नुसतं विचारायचं होतं, आणि आलेलं उत्तर वाचायचं होतं. तेवढंही झालं नाही.

क्रम काय असतो तो पुन्हा सांगतो. वही उघड, लिही. हा क्रम मोडायचा नाही.

पहिलं, दिवे. संगणकाच्या पोर्टाचा, राउटरच्या पोर्टाचा, आणि फायबरच्या डबीचा. डबीवर एलओएसचा लाल दिवा लागला तर उजेडच येत नाहीये, बाहेरची फायबर गेली. तेव्हा फोन उचलायचा आणि राउटरला हात लावायचा नाही. पोर्टाचा दिवा विझलेला असेल तर तार बघायची, दुसरी लावून बघायची.

दुसरं, पत्ता. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ दिसलं तर मागे जा, पहिली पायरी नीट कर. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समज की तार आहे, पण डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही, म्हणून संगणकाने स्वतःच काहीतरी घेतलंय. तेव्हा रिलीज, मग रिन्यू. राउटरच्याच गटातला पत्ता मिळाला तर पुढे जा.

तिसरं, गेटवेला पिंग. कोणता गेटवे? आयपीकॉन्फिगने दाखवलेला. तो राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का बघ. व्हिडिओतला नाही! इथे अडलं तर बिघाड घरात.

चौथं, ८.८.८.८ ला पिंग. गेटवे बोलतो आणि हे बोलत नाही, तर बिघाड राउटरच्या पलीकडे. आता नेटवाल्याला फोन करायचा अधिकार तुला मिळाला.

पाचवं, एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग. आकडा बोलतो आणि नाव बोलत नाही, तर डीएनएस. तुझं ते लाडकं डीएनएस पाचव्या पायरीवर येतं, पहिल्या नाही.

पाच पायऱ्या, पाच मिनिटं. प्रत्येक पायरी तुला सांगते की इथपर्यंत सगळं ठीक आहे, याच्या पुढे बघ. यात कुठेही काही बदललेलं नाही, हे लक्षात आलं का? रिन्यूसुद्धा नवं काही भरत नाही, पत्ता पुन्हा मागून घेतं. पाचही पायऱ्या विचारण्याच्या आहेत. बदलायची वेळ त्यानंतर येते. तीही एका वेळी एकच गोष्ट, आधी काय होतं ते कागदावर लिहून किंवा फोटो काढून. तू एका रात्रीत पत्ता, गेटवे, डीएनएस, फायरवॉल आणि राउटर एवढं सगळं बदललंस आणि एकाचीही नोंद ठेवली नाहीस. त्यामुळे मूळचा बिघाड एक होता, त्यावर तुझे चार-पाच चढले, आणि तार बसल्यावरही संगणक सुरू झाला नाही. तुझ्यात बुद्धी नाही असं मी म्हणत नाही. आळशी पोराने इतका उपद्व्याप केला नसता. तुला मेहनतीचं वावडं नाही, थांबून वाचण्याचं आहे. आणि या धंद्यात न वाचता केलेली मेहनत ही न केलेल्या कामापेक्षा महाग पडते. आज घर होतं. उद्या एखाद्या इस्पितळाचा सर्व्हर तुझ्या हाती देतील, तिथेही टाचणी घेऊन जाणार आहेस?

आणखी एक. रीसेटनंतर राउटरच्या पानाचा पासवर्ड काय आहे? ‘ॲडमिन’? अजून तोच? अरे, २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम आला. त्यात कंपन्यांनी दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, बाकी फारशी जादू नव्हती. लोकांनी पासवर्ड बदलले नव्हते, एवढ्या भांडवलावर त्याने कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीच्या डीएनएसवर मारा झाला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी स्थळं अनेकांना उघडेनात. ते लिहिणारी पोरं विशीतली, तुझ्याहून फार मोठी नव्हेत. त्यांनी तुझ्यासारख्यांच्या आळसावर आपली हुशारी चालवली. तेव्हा राउटरचा पासवर्ड आजच्या आज बदल, वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ लाव, फायरवॉल चालू कर.

आता घरी जाऊन करायचं काम. आयपीव्ही४ च्या चौकटीत जा, ‘आपोआप पत्ता मिळवा’ असं आहे त्या दोन्ही ठिकाणी टिंब दे, तुझे आकडे उडव. क्रिम्पिंगचं हत्यार लॅबमधून सहीवर घेऊन जा आणि त्या तारेला नवं आरजे-४५ लाव. क्रम म्हण: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. टी-५६८-बी. आठही तारा टोकापर्यंत पोचल्या आहेत की नाही ते पारदर्शक टोकातून बघ, मगच दाब. एक, दोन, तीन आणि सहा एवढ्याच लागल्या तरी नेट चालेल, पण १०० मेगाबिटवर अडेल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. मग पाच पायऱ्या कर आणि प्रत्येक पायरीवर पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी हाताने जर्नलमध्ये उतरवून आण. प्रिंटआउट चालणार नाही. ओळी वाचल्याशिवाय उतरवता येत नाहीत, म्हणूनच सांगतोय. सही त्यानंतर.

आणि सहीच्या आधी त्या नेटवाल्या दादाला फोन कर. त्याचं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढं सांग. ‘सर म्हणाले म्हणून फोन केला’ असं म्हणू नकोस. म्हणालास तर ते मला कळेल, तो माझाच विद्यार्थी आहे. त्याने हे जर्नल वेळेवर दिलं होतं.